विनिमयदर कोणाकडून घ्यावा : परकीय चलनाच्या एपीआय सेवांचा आढावा

प्रश्नाचे स्वरूप

नाशिकच्या एखाद्या द्राक्ष-निर्यातदाराने रॉटरडॅमच्या खरेदीदाराच्या नावे युरोमध्ये बीजक काढले, माल समुद्रमार्गे रवाना झाला, आणि त्याच सायंकाळी त्याच्या जमाखर्चाच्या संगणकावर त्या बीजकाची रुपयांतील किंमत आपोआप उमटली, की ती किंमत कोठून आली याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. वस्तुतः त्या एका आकड्यामागे बरीच मोठी व्यवस्था उभी असते. जमाखर्चाचा प्रोग्राम दूरच्या एखाद्या सर्व्हरला ठरावीक नमुन्यात पृच्छा करतो, तो सर्व्हर तितक्याच ठरावीक नमुन्यात उत्तर देतो, आणि या प्रश्नोत्तराचा जो संकेत उभयपक्षी ठरलेला असतो, तोच एपीआय. अशा रीतीने विनिमयदर पुरवणाऱ्या सेवा आज अनेक आहेत. काही विनामूल्य आहेत, काही दरमहा थोडेसे शुल्क घेतात, आणि काहींचे वार्षिक करार मोठ्या पेढ्यांनाच परवडावेत असे असतात.

यांतील कोणती सेवा पत्करावी, हा प्रश्न पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअर कंपन्यांपुढे आणि त्यांच्या ग्राहकांच्या हिशेबनिसांपुढे नित्य उभा राहतो. त्याची चर्चा बहुधा शुल्क, वेग आणि चलनांची संख्या या तीन मुद्द्यांभोवती चालते. हे मुद्दे गौण नाहीत. परंतु दराचे मूळ कोणते, तो कोणत्या घटकेचा आणि कोणत्या कामासाठी ग्राह्य, हे आधी ठरल्यावाचून त्या तिन्ही मुद्द्यांची उत्तरे अधांतरीच राहतात, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. आढाव्याची मांडणी त्याच अनुक्रमाने केली आहे.

पार्श्वभूमी

चलनाचा दर सांगणे हा एक स्वतंत्र व्यवसाय होऊ शकतो, ही गोष्ट महाराष्ट्राला नवीन नाही. पेशवाईत चांदवडी, अंकुशी अशा नाना तऱ्हेच्या रुपयांची एकाच वेळी चलती होती, आणि त्यांच्यातील बट्टा किती हे सराफांच्या पेढीवरच ठरत असे. पुढे इंग्रजी अमलात एकच रुपया सर्वत्र झाला आणि दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४४ च्या ब्रेटन वुड्स परिषदेतील ठरावांनुसार, जगातील प्रमुख चलनांचे दर डॉलरशी व डॉलर सोन्याशी बांधला गेला. रुपयाची सांगड पौंडाशी होती. ६ जून १९६६ रोजी अवमूल्यन होऊन डॉलरचा भाव ४.७६ रुपयांवरून ७.५० रुपयांवर गेला, ती घटना देशभर गाजली. त्या काळी दर बदलणे हीच असाधारण बाब होती. कचेरीतील कारकुनाला तो एकदा पाठ झाला की वर्षानुवर्षे पुरत असे.

ही स्थिरता १५ ऑगस्ट १९७१ रोजी, डॉलरच्या बदल्यात सोने देण्याचे अमेरिकेने थांबवले तेव्हा ढासळू लागली, आणि १९७३ मध्ये प्रमुख चलने तरंगती झाली. त्याच वर्षी रॉयटर्सने बँकांनी सांगितलेले दर पडद्यावर दाखवणारी मॉनिटर ही सेवा सुरू केली, हा योगायोग खचितच नव्हे. दर क्षणोक्षणी हलू लागला तेव्हाच तो कळवण्याला किंमत आली. १९९३ मध्ये काही मोठ्या बँकांनी मिळून उभारलेली ईबीएस ही इलेक्ट्रॉनिक दलालीची व्यवस्था कामाला लागली. आपल्याकडे रुपया १९७५ मध्ये पौंडापासून सुटून चलनांच्या एका समूहाशी जोडला गेला होता. मार्च १९९२ मध्ये दुहेरी दराची पद्धत आली आणि मार्च १९९३ पासून एकच, बाजाराने ठरणारा दर सुरू झाला.

युरोपीय मध्यवर्ती बँक १९९९ पासून युरोचे संदर्भदर रोज प्रसिद्ध करू लागली आणि ते संगणकाला थेट वाचता येतील अशा फायलींच्या रूपाने कोणालाही विनामूल्य मिळू लागले. या एका निर्णयाने पुष्कळ लहान सेवांचा पाया घातला गेला. तथापि मोफत पायावरील इमारती कायम मोफत राहिल्या नाहीत. याहू फायनान्सच्या दरांवर कोणताही औपचारिक करार नसताना असंख्य प्रोग्राम अवलंबून होते, ती वाट २०१७ मध्ये बंद झाली. फिक्सर या लोकप्रिय मोफत सेवेने २०१८ मध्ये नोंदणी व शुल्काची पद्धत स्वीकारली. मालकांना तसे करण्याचा पूर्ण अधिकार होता. परंतु ज्या सेवेशी आपला लेखी करार नाही तिच्यावर हिशेब उभारण्यात किती धोका आहे, हे या घटनांनी अनेकांच्या प्रथमच ध्यानी आणून दिले.

एकाच दिवसाचे अनेक दर

शेअरबाजारातील समभागाला दिवसाअखेरीचा एक अधिकृत भाव असतो, तसा परकीय चलनाला नसतो, कारण या बाजाराला एक छत नाही. बँका आणि मोठे व्यापारी परस्परांत सौदे करतात. आंतरराष्ट्रीय तडजोड बँकेच्या त्रैवार्षिक पाहणीनुसार एप्रिल २०२२ मध्ये या बाजाराची दैनिक उलाढाल सुमारे ७.५ लाख कोटी डॉलर होती. एवढ्या मोठ्या व्यवहाराचा एकही सर्वमान्य क्षणिक भाव कोठे नोंदलेला नसतो. प्रत्येक व्यासपीठावर खरेदीचा दर वेगळा, विक्रीचा वेगळा. बहुतेक एपीआय सेवा या दोहोंचा मध्य कळवतात, आणि त्या मध्यदराने सामान्य ग्राहकाला कोणतीही बँक चलन देत नाही.

याखेरीज अधिकृत मानले जाणारे दरही एकाहून अधिक आहेत. युरोपीय मध्यवर्ती बँकेचे संदर्भदर मध्य युरोपच्या वेळेनुसार दुपारी सव्वादोनच्या सुमारास निश्चित होतात आणि चारच्या सुमारास प्रसिद्ध होतात. ते केवळ माहितीसाठी आहेत, प्रत्यक्ष व्यवहारासाठी त्यांचा वापर करू नये, असे ती बँक स्वतःच निक्षून सांगते. असे असूनही युरोपीय संघाच्या २०१९ च्या नियमनाने, कार्डाने पैसे देताना आकारले जाणारे चलनबदलाचे शुल्क याच दरावर किती टक्के चढे आहे ते दाखवण्याचे बंधन घातले. लंडनचा दुपारी चारचा डब्ल्यूएम रॉयटर्स दर गुंतवणूक निधींच्या मूल्यांकनात प्रमाण मानला जातो. भारतात पूर्वी रिझर्व्ह बँक मुंबईतील निवडक बँकांकडे विचारणा करून संदर्भदर काढीत असे. जुलै २०१८ पासून ते काम फायनान्शियल बेंचमार्क्स इंडिया या संस्थेकडे आले. साडेअकरा ते साडेबारा या तासातील यदृच्छेने निवडलेल्या पंधरा मिनिटांत झालेल्या प्रत्यक्ष डॉलर-रुपया सौद्यांवरून ती हा दर काढते. मिनिटे आधी कोणालाच ठाऊक नसतात, हे या पद्धतीचे मर्म आहे.

या मर्माचे महत्त्व लंडनच्या उदाहरणावरून कळते. चारच्या दरासाठी पूर्वी अवघ्या एका मिनिटाचे सौदे विचारात घेतले जात, आणि ते मिनिट सर्वांना ठाऊक असे. काही बँकांच्या दलालांनी आपसांत संगनमत करून त्या मिनिटावर दाब आणल्याचे २०१३ मध्ये उघडकीस येऊ लागले, नोव्हेंबर २०१४ मध्ये ब्रिटनच्या नियामकाने पाच बँकांना मिळून १.१ अब्ज पौंडांचा दंड केला, आणि २०१५ च्या फेब्रुवारीपासून ती खिडकी पाच मिनिटांची करण्यात आली. दर कसा काढला जातो हे विचारणे ही केवळ पंडिती चिकित्सा नव्हे, हे त्या प्रकरणाने सिद्ध केले.

शासनाचे दर आणखी निराळे. आयात-निर्यातीच्या मूल्यांकनासाठी सीमाशुल्क खाते महिन्यातून दोनदा आपला दर जाहीर करते आणि १९६२ च्या सीमाशुल्क अधिनियमाच्या कलम १४ अन्वये तोच ग्राह्य धरावा लागतो. प्राप्तिकराच्या १९६२ च्या नियमावलीतील नियम ११५ ने परदेशी उत्पन्नाच्या रूपांतरासाठी भारतीय स्टेट बँकेचा तार-हस्तांतराचा खरेदी दर प्रमाण ठरवला. म्हणजे नाशिकच्या त्या निर्यातदाराच्या एकाच बीजकाला सीमाशुल्काच्या कागदावर एक, जमाखर्चात दुसरा आणि बँकेत पैसे जमा होताना तिसरा दर लागू शकतो, आणि तिन्ही आपापल्या जागी खरे असतात. कायद्याने नेमून दिलेल्या दराऐवजी जगातील सर्वांत वेगवान सेवेचा मध्यदर वापरला, तर तो त्या कामापुरता चुकीचाच होय.

प्रमुख भूमिका

या पार्श्वभूमीवर जाणकारांत ढोबळमानाने चार भूमिका आढळतात.

पहिली भूमिका अशी की दर मूळ अधिकृत स्रोताकडूनच घ्यावा. युरोपीय मध्यवर्ती बँकेच्या फायली थेट वाचता येतात. त्याच दरांवर चालणारी फ्रँकफर्टर ही मुक्त स्रोताची सेवाही उपलब्ध आहे. दराची पद्धत प्रसिद्ध असते, लेखापरीक्षकापुढे तो दाखवता येतो, आणि मधल्या कोणाच्या व्यवसायाच्या चढउतारांची झळ लागत नाही. उणिवा मात्र उघड आहेत. त्या बँकेच्या यादीत सुमारे तीस चलने आहेत. कुवेती दिनार, ओमानी रियाल त्यांत नाहीत, आणि रत्नागिरी-रायगडच्या कितीतरी घरांचा पैसा याच चलनांतून येतो. सुटीच्या दिवशी दर निघत नाही. रशियन रूबलचा दर मार्च २०२२ मध्ये त्या बँकेने थांबवला, तेव्हा रूबलचे हिशेब ठेवणाऱ्यांना अन्यत्र जावे लागले.

दुसरी भूमिका संकलकांची. ओपन एक्स्चेंज रेट्स, फिक्सर, करन्सीलेअर, एक्सई, ओआन्डा आदी सेवा शंभराहून अधिक चलनांचे दर एकाच नमुन्यात देतात. लहान कंपनीच्या दृष्टीने ही सोय फार मोठी आहे, आणि तिच्या समर्थकांचे म्हणणे असे की ऑनलाइन दुकानात ग्राहकाला अंदाजे किंमत दाखवण्यासाठी बाजाराच्या गाभ्यापर्यंत जाण्याचे प्रयोजन नाही. हे म्हणणे रास्त आहे. आक्षेप एवढाच की काही संकलक आपला दर कोणत्या स्रोतांच्या मिश्रणातून काढतात ते संदिग्ध शब्दांत सांगतात, आणि दोन संकलकांचे आकडे भिन्न निघाले तर खरा कोणता हे ठरवायला ग्राहकाजवळ साधन नसते.

तिसरी भूमिका बाजाराच्या थेट प्रवाहाची. लंडन स्टॉक एक्स्चेंज समूह, ब्लूमबर्ग किंवा ईबीएस यांच्याकडून सौद्यांचे दर क्षणोक्षणी घेतले जातात. ज्यांना स्वतः सौदे करायचे आहेत त्यांना हा मार्ग अपरिहार्य आहे. इतरांना त्याचा खर्च आणि करारमदार झेपत नाहीत. तो वेग अनेकदा प्रतिष्ठेपायी घेतला जातो आणि वापराविना पडून राहतो, असे मला वाटते.

चौथी भूमिका आपल्याच बँकेचा दर घेण्याची. पैसे प्रत्यक्ष ज्या दराने मिळणार तोच हिशेबात यावा, हा तिचा युक्तिवाद. भारतात ऑगस्ट २०१९ मध्ये क्लिअरिंग कॉर्पोरेशनने एफएक्स-रिटेल हे व्यासपीठ सुरू केल्यापासून लहान ग्राहकालाही बाजारातील दर पाहून सौदा करता येऊ लागला आहे, त्यामुळे या युक्तिवादाला थोडे बळ आले आहे. पण एका बँकेचा दर हा तिच्या नफ्यासह असतो, आणि तो सर्वसाधारण मापदंड म्हणून वापरता येत नाही.

तपासणीच्या बाबी

सेवेची परीक्षा करताना ज्या बाबींकडे दुर्लक्ष होते, त्यांत वेळेचा शिक्का अग्रगण्य आहे. उत्तरासोबत येणारी वेळ सर्व्हरने उत्तर दिल्याची आहे की दर बाजारात ठरल्याची, हे पुष्कळदा स्पष्ट नसते. परकीय चलनाचा जागतिक बाजार सोमवारी सकाळी न्यूझीलंडमध्ये उघडतो आणि शुक्रवारी न्यूयॉर्कच्या सायंकाळी पाचला मिटतो. रविवारी दुपारी मागवलेला दर ताज्या वेळेच्या शिक्क्यानिशी आला, तरी तो शुक्रवारचाच असतो. तद्वतच 'दिवसाचा दर' म्हणून जुना दर देणाऱ्या सेवेचा दिवस न्यूयॉर्कच्या पाचला संपतो, लंडनच्या मध्यरात्री की भारतीय मध्यरात्री, याची खातरजमा करावी लागते. ३१ मार्चच्या ताळेबंदात हा फरक लहान राहत नाही.

आकड्यांच्या रूपाविषयीही सावधगिरी हवी. भारतातील संदर्भदरात येनचा भाव शंभर येनला इतके रुपये असा देतात, परदेशी सेवा एका येनचा देतात. दोन्ही स्रोत एकत्र वापरणाऱ्याने हे लक्षात घेतले नाही तर हिशेब शंभर पटींनी चुकतो. येनला अपूर्णांकाचे नाणे नाही, तर कुवेती दिनाराचे एक हजार फिल्स होतात. सर्व चलनांना दोन दशांश स्थळे गृहीत धरणारा प्रोग्राम दोन्हीकडे फसतो. शिवाय स्वस्त योजनेत पायाचे चलन बहुधा एकच, डॉलर किंवा युरो, मिळते; येन-रुपया दर मग दोन दरांच्या भागाकाराने काढावा लागतो आणि दशांश स्थळे आधीच छाटलेली असतील तर चूक वाढत जाते.

चलनेही जन्मतात आणि अस्तास जातात. तुर्कस्तानने २००५ मध्ये लिराची सहा शून्ये काढली, सिएरा लिओनने २०२२ मध्ये तीन. क्रोएशिया १ जानेवारी २०२३ रोजी आणि बल्गेरिया १ जानेवारी २०२६ रोजी युरोत सामील झाले. अशा वेळी जुन्या आणि नव्या संकेताक्षरांची सांधेजोड सेवा कशी करते, बंद झालेल्या चलनाचा इतिहास राखते की पुसते, हे विचारले पाहिजे.

सातत्याच्या हमीचा अर्थही शांतपणे वाचावा. ९९.९ टक्के वेळ सेवा चालू राहील, या आश्वासनात वर्षाकाठी पावणेनऊ तास ती बंद राहण्याची मुभा आहे. आणि वाट्याला येणारे हे तास शांत दिवसाचे असतील असा भरवसा नाही. १५ जानेवारी २०१५ रोजी स्विस राष्ट्रीय बँकेने युरोला १.२० फ्रँकचा आधार अकस्मात काढून घेतला, तेव्हा कित्येक मिनिटे विश्वसनीय भाव मिळणेच कठीण झाले. ७ ऑक्टोबर २०१६ च्या पहाटे, आशियाई बाजार उघडत असताना, पौंड काही मिनिटांत डॉलरच्या तुलनेत सुमारे नऊ टक्के कोसळून बव्हंशी सावरला. त्या घटकेचा नीचांक निरनिराळ्या व्यासपीठांनी निरनिराळा नोंदवला. अशा क्षणी सेवेने आलेला प्रत्येक आकडा जसाच्या तसा पुढे पाठवावा, की विचित्र आकडा गाळून आधीचा दर कायम ठेवावा? दोन्ही धोरणांना कारणे आहेत. पहिल्यात चुकीचा भाव हिशेबात शिरतो, दुसऱ्यात खरी घसरण लपते. माझ्या मते सेवा कोणते धोरण पाळते यापेक्षा ती ते आधी लेखी सांगते की नाही, याला अधिक महत्त्व द्यावे. आणि चलनांच्या संख्येहून स्रोत व वेळ स्पष्ट सांगणाऱ्या सेवेची निवड करावी. सावध संस्था दोन भिन्न मुळांचे पुरवठादार ठेवून त्यांच्या दरांची रुजवात घालतात. मुळे भिन्न असणे येथे अत्यावश्यक आहे. दोन्ही सेवा एकाच युरोपीय फायलीवर जगत असतील, तर त्यांच्या एकमताला पुराव्याचे मोल नाही.

अनिर्णित प्रश्न

जिथे एका देशात दोन दर नांदतात, तिथे एपीआयने कोणता द्यावा, यावर एकमत नाही. लेबनॉनचा अधिकृत दर डॉलरला सुमारे १,५०७ पौंड असा फेब्रुवारी २०२३ पर्यंत टिकून होता, आणि रस्त्यावरचा भाव त्याच्या कितीतरी पट चढला होता. अधिकृत दर देणारी सेवा कायद्याच्या बाजूने बरोबर ठरे, आणि बैरुतला पैसे पाठवणाऱ्याच्या उपयोगाची मात्र नसे. चीनच्या युआनला देशांतर्गत व देशाबाहेरील अशी दोन संकेताक्षरे व्यवहारात रूढ आहेत, त्यामुळे तेथे निदान भेद दिसतो. रुपयाचे तसे नाही. मुंबईचा आंतरबँक बाजार मिटल्यानंतर सिंगापूर-लंडनला वायदे-स्वरूपाचे, रुपये प्रत्यक्ष हस्तांतरित न होणारे सौदे चालूच असतात, आणि चोवीस तास रुपयाचा दर दाखवणाऱ्या सेवेचा रात्रीचा आकडा त्यांच्यावरून काढलेला आहे की सायंकाळचाच पुढे ओढलेला आहे, हे उत्तरावरून कळत नाही.

पद्धत जाहीर करण्याचे बंधनही अर्धवट आहे. रोखे आयोगांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने जुलै २०१३ मध्ये आर्थिक मापदंडांसाठी तत्त्वे घालून दिली. ती अधिकृत संदर्भदरांना लागू पडतात. संकलकांच्या मध्यदराला मापदंड म्हणावे की केवळ माहिती, हा वाद मिटलेला नाही, आणि मिटेपर्यंत त्यांचा खुलासा स्वेच्छेवर अवलंबून राहील.

शेवटचा प्रश्न दप्तराचा. पुष्कळ करारांत घेतलेले दर इतरांना पुरवण्यास मनाई असते, आणि काहींत सेवा संपल्यावर साठवलेले दर वापरण्यावरही मर्यादा असतात. उलटपक्षी कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १२८ नुसार हिशेबाची पुस्तके व त्यांच्या पुष्ट्यर्थ असलेले कागद आठ आर्थिक वर्षे जपावे लागतात, आणि बीजकाचे रुपयांत रूपांतर ज्या दराने केले तो दर या कागदांतलाच मानावा लागेल. पुरवठादार बदलल्यावर अथवा तो दुसऱ्या कंपनीच्या मालकीचा झाल्यावर हे जुने दर कोणत्या हक्काने राखायचे, याविषयी ठरावीक नमुन्याच्या शर्तींत बहुधा स्पष्ट वाक्य आढळत नाही. तोवर सही करण्यापूर्वी हा प्रश्न लेखी विचारून त्याचे लेखी उत्तर करारासोबत जोडून ठेवणे, एवढी तजवीज ग्राहकाच्या हाती आहे.